जहाज नावाची चाळणी: मिरची लवकर का आली, आंबा उशिरा का गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कोलंबसानंतर पिकं, जनावरं आणि रोग एका खंडातून दुसऱ्या खंडात गेले, हे शाळेत वाचलं. पण मिरची चाळीस-पन्नास वर्षांत आपल्याकडे पोचते आणि आपला आंबा ब्राझीलला जायला जवळजवळ दोनशे वर्षं लागतात, असं का? आणि रोग मात्र बहुतेक एकाच दिशेने कसे गेले?"

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. मुंबई बंदरात आणि पुढे विमानतळावर मी एकतीस वर्षं वनस्पती संगरोधाचं, म्हणजे क्वारंटाइनचं काम केलं. परदेशातून आलेलं बियाणं, रोपं, कलमं, धान्य तपासायचं आणि त्यांच्याबरोबर कीड किंवा रोग येत नाही ना ते पाहायचं, हे आमचं काम. त्या टेबलावरून पाहिलं तर तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात.

आमच्याकडे पितळी चौकटीच्या चाळण्या एकावर एक रचलेल्या असतात. सगळ्यात वर मोठ्या भोकांची, खाली बारीक होत गेलेल्या. बियाण्याचा नमुना वरून ओतायचा आणि हलवायचा. बी एका चाळणीवर राहतं, तणाचं बारीक बी तिच्याखालच्या चाळणीवर, आणि तळाच्या ताटात धूळ, मातीचे कण, किड्यांची विष्ठा, कधी भिंगाखाली दिसणारं एखादं अंडं. सोळाव्या शतकातलं जहाज मला असंच दिसतं. एका किनाऱ्यावर त्यात सगळं ओतलं जायचं आणि समुद्रावरचे दिवस ते हलवत राहायचे. तेवढे दिवस ज्याला तग धरता आला ते पलीकडे उतरलं, बाकीचं वाटेत मेलं. त्यामुळे काय चांगलं, काय उपयोगाचं, याच्या आधी कोण किती दिवस जिवंत राहतो हे ठरायचं.

उसापासून सुरुवात करतो, कारण त्याची साखर करायला शिकलो ते आपण. ऊस मूळचा न्यू गिनीकडचा, पण रस आटवून दाणेदार साखर करण्याची विद्या हिंदुस्थानातली. 'शर्करा' हा शब्दच पुढे फारसी, अरबी करत युरोपभर गेला. अरबांबरोबर ऊस भूमध्य समुद्राच्या काठी पोचला, तिथून पोर्तुगीजांनी मदेरा बेटावर नेला, मग कॅनरी बेटांवर. कोलंबसाची दुसरी सफर सप्टेंबर १४९३ मध्ये निघाली तेव्हा १७ जहाजं होती आणि हजारावर माणसं. ही जहाजं कॅनरी बेटांवर थांबली, तिथे जनावरं आणि उसाचं बेणं चढवलं. १३ ऑक्टोबरला त्यांनी बेटं सोडली आणि ३ नोव्हेंबरला समोर डोमिनिका दिसलं. एकवीस दिवस. उसाची लागण करणाऱ्या कोणालाही विचारा: अख्खा ऊस सावलीत, ओलसर ठेवला तर दोन-तीन आठवडे डोळे जिवंत राहतात, महिन्यापुढे भरवसा नाही. बेणं थेट स्पेनहून नेलं असतं तर दिवस जवळपास दुप्पट झाले असते. कॅनरी बेटांचा तो मुक्काम नसता तर कॅरिबियनमधल्या उसाचा इतिहास निदान काही वर्षं पुढे ढकलला गेला असता, असं मला वाटतं. आणि तो इतिहास भयंकर आहे. मुख्यतः ऊस तोडायला, चरक चालवायला माणसं हवीत म्हणून पुढच्या साडेतीन शतकांत आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली. त्यांतली १८ लाखांच्या आसपास वाटेतच मेली. साखरेबद्दल बोलताना हा आकडा गाळून पुढे जाणं मला जमत नाही.

आता आंबा. बियांचे ढोबळ दोन प्रकार. एक, जे वाळवले की झोपी जातात आणि महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं जिवंत राहतात: धान्य, कडधान्य, मिरची, टोमॅटो, तंबाखू. दुसरे, जे वाळले की मरतात: आंबा, फणस, कोको, रबर. कोकणात कोय कलम करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. आंबा खाल्ला की कोय ताजी असतानाच रुजत घालायची. पंधरा-वीस दिवस उन्हात पडलेली कोय कोणी हातात धरत नाही. लिस्बन ते गोवा हा प्रवास साधारण सहा महिन्यांचा होता. एवढ्या दिवसांत कोय मरणारच. आंबा गेला तो टप्प्याटप्प्याने, आधी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि तिथून पुढे. ब्राझीलमध्ये तो १७०० च्या सुमारास दिसतो. रबराचं उदाहरण तर मी नव्या मुलांना दर वर्षी सांगायचो. १८७६ साली ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. वाफेचं जहाज, घाईघाईने केलेला प्रवास, तरीही रुजल्या त्या २,७०० च्या आसपास. शिडाच्या जहाजात एकही वाचली नसती.

मिरचीला यातली एकही अडचण नव्हती. एका वाळक्या मिरचीत पन्नास-साठ बिया, त्या दोनेक वर्षं सहज उगवतात, फूल स्वतःच्याच परागाने फळतं, म्हणजे एकुलतं एक झाडही पुरे. खलाशाच्या खिशातून, स्वयंपाक्याच्या मडक्यातून, कशातूनही ती जाऊ शकत होती. वाटही तयार होती. १५०० साली काब्राल हा पोर्तुगीज कप्तान लिस्बनहून १३ जहाजं घेऊन निघाला, एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत सप्टेंबरमध्ये कालिकतला पोचला. त्या जहाजांत मिरची होती असा दावा मी करत नाही, पण अमेरिकेचा किनारा आणि मलबारचा किनारा एकाच प्रवासात जोडला गेला तो तेव्हा. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेलं आणि ये-जा नेमाची झाली. पुढची गंमत पाहा: १५४२ साली लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात मिरचीचं चित्र छापलं आणि तिला नाव दिलं 'कालिकतची मिरी'. कोलंबसाच्या पहिल्या सफरीला पन्नास वर्षं झाली होती, आणि युरोपातला जाणकार मिरची हिंदुस्थानातून आली असं समजत होता. आपण तिला सामावून घेतलं तेही मिऱ्याच्या नात्याने. मिरीवरून मिरची, गोव्यात मिरसांग. तिखटाची जागा आपल्या स्वयंपाकात आधीपासून होती, मिऱ्याने आणि पिंपळीने धरलेली. मिऱ्याला मलबारचा पाऊस आणि आधाराला झाड लागतं. मिरची देशावरच्या परसात, चार तांबे पाण्यावर येते.

बाकीच्यांची गत त्यांच्या त्यांच्या बियांवरून कळते. काजूची बी कठीण कवचात असते आणि कवचात अंग भाजणारं तेल. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले, ज्याने बिब्बा हाताळलाय त्याला लगेच कळेल. एवढा बंदोबस्त असल्यावर तिला भुंगा लागणार कुठून? १५७८ साली कोचीनच्या बागांत काजू असल्याची नोंद आहे. अननसाचा शेंडा कापून ठेवला तर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. जहांगीरच्या काळात आग्र्याच्या बागेत अननस पिकत होते. तंबाखूचं बी तर धुळीसारखं, चिमटीत हजारो. अकबराच्या दरबारात ती पहिल्यांदा गेली तीच दख्खनमधून, विजापूरहून, १६०४ च्या सुमारास. बटाटा मात्र अडला. अँडीज पर्वतातला बटाटा दिवस लहान झाल्याशिवाय गाठी धरत नाही, आणि युरोपचा उन्हाळा म्हणजे लांबच लांब दिवस. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्याला सवय लावली, आणि मग तो 'बटाटा' हे पोर्तुगीज वळणाचं नाव घेऊन आपल्याकडे सावकाश पसरला. ते नावही मुळात कॅरिबियनमधल्या ताईनो लोकांचं, आणि तेही रताळ्याचं.

साबुदाण्याच्या खिचडीबद्दल मला हमखास विचारतात, म्हणून इथेच सांगून टाकतो. साबुदाणा कसावाच्या कंदाचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा अँडीजचा, हिरवी मिरची मेक्सिकोकडची. तूप, जिरं, मीठ आपलं. राजगिराही तिकडचा. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग वरी तरी आपली ना?" वरी आपलीच. उपवासाला कोणती धान्यं वर्ज्य हे जेव्हा ठरलं तेव्हा ही पिकं इथे नव्हतीच, म्हणून ती त्या यादीत आली नाहीत आणि फराळात बसली, असं मला वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि इथे चाळणी हा शब्द वापरताना हात थोडा थबकतो, कारण तिच्या पलीकडे माणसं होती.

देवीचा रोग घ्या. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण बारा दिवस. मग फोड, खपल्या, आणि खपल्या गळेपर्यंत दोन-तीन आठवडे तो माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. त्यानंतर माणूस मरतो किंवा बरा होतो, आणि बरा झाला की त्याला पुन्हा देवी येत नाहीत. म्हणजे हा रोग माणसाच्या अंगात दडून राहणारा नाही; आंब्याच्या कोयीसारखा त्यालाही वेळेत नवी जमीन लागते. स्पेनहून कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर जायला पाच-सहा आठवडे किंवा जास्त लागायचे. जहाजावर बहुतेक प्रौढ स्पॅनिश पुरुष, ज्यांना लहानपणीच देवी येऊन गेलेल्या. एखाद्याला लागण झालीच तर पुढे द्यायला माणूस नाही. साखळी समुद्रातच तुटायची. म्हणूनच १४९२ पासून डिसेंबर १५१८ पर्यंत, तब्बल सव्वीस वर्षं, देवीची साथ त्या बेटांवर पोचल्याची ठाम नोंद नाही. मग पोचली कशी? माझा अंदाज साधा आहे. तोवर जहाजांची संख्या वाढली होती, त्यांवर बायका-मुलं, नोकर, गुलाम होते, म्हणजे अजून देवी न आलेली माणसं होती. साखळीला हवे असलेले दोन-तीन दुवे कुठल्या तरी जहाजावर मिळाले.

जानेवारी १५१९ मध्ये हिस्पॅनिओलावरच्या हिरोनिमाइट पंथाच्या पाद्र्यांनी स्पेनच्या राजाला कळवलं की बेटावरच्या मूळ रहिवाशांपैकी सुमारे एक तृतीयांश या साथीत गेले. १५२० मध्ये रोग मेक्सिकोच्या मुख्य भूमीवर उतरला. अझ्टेकांच्या तेनोच्तितलान या राजधानीत तो साठेक दिवस धुमसला. पुढे सहागुन या पाद्र्याने तिथल्या नाहुआ लोकांकडून लिहून घेतलेल्या हकिकतीत वर्णन आहे: अंगभर फोड, कूस बदलता येईना, हलता येईना, पुष्कळ लोक रोगाने गेले आणि पुष्कळ भुकेने, कारण घासभर अन्न शिजवून द्यायला घरात कोणी उभं नव्हतं. अझ्टेक राजा मोक्तेसुमानंतर गादीवर आलेला कुइतलावाक जेमतेम ऐंशी दिवस राज्य करून देवीनेच गेला. १३ ऑगस्ट १५२१ रोजी शहर स्पॅनिशांच्या हाती पडलं.

पण सगळं खापर रोगावर फोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. अलीकडे अशी मांडणी फार ऐकू येते की जंतू गेले, माणसं मेली, त्यात कोणाचा दोष नव्हता. १५१८ मध्ये देवी येण्याआधीच हिस्पॅनिओलावरचे ताईनो लोक मोठ्या संख्येने नाहीसे झाले होते. त्यांना सोन्याच्या खाणींवर जुंपलं, त्यांची कसावाची शेतं ओस पडली, उपासमार झाली, पळून गेलेल्यांची शिकार झाली. घरातली चार माणसं एकदम आजारी पडली तर शेजारी पाणी देतो. इथे गावंच मोडलेली होती. रोगाने मारलं हे खरं, पण त्याच्या आधी आणि त्याच्याबरोबर माणसांनी मारलं.

रोग एकाच दिशेने का गेले, याचं निम्मं उत्तर गोठ्यात आहे. आपल्याकडे, युरोपात, आफ्रिकेत माणूस हजारो वर्षं गुरं, डुकरं, मेंढ्या, कोंबड्यांच्या अंगाला अंग लावून राहिला. गोवराचा विषाणू गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूपासून फुटून आलेला आहे. फ्लू पक्ष्यांतून आणि डुकरांतून येतो. असे रोग टिकायलाही दाट वस्तीची शहरं आणि सतत जन्मणारी मुलं लागतात. अमेरिकेत मोठी शहरं होती, पण पाळीव जनावरं थोडकी: लामा, अल्पाका, गिनीपिग, टर्की, कुत्रा. तिथल्या माणसांच्या अंगी या रोगांची ओळखच नव्हती. ओळख नसणं आणि अशक्त असणं यांत फरक आहे. ते लोक दुबळे नव्हते.

तिकडून इकडे आला असं ज्या रोगाबद्दल बोललं जातं तो कोणता, तर गरमी, म्हणजे सिफिलिस. १४९५ मध्ये नेपल्समध्ये फ्रेंच राजाच्या सैन्यात तो भडकला. तो अमेरिकेतूनच आला की आधीपासून युरोपात होता, यावर संशोधकांत अजून वाद आहे. पण त्याची प्रकृती बघा: वर्षानुवर्षं अंगात दडून राहणारा रोग. सहा महिन्यांच्या जहाजप्रवासाला तो सहज पुरून उरतो. रोगांमधली ही मिरचीच म्हणायची. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, आणि सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात 'फिरंग' नावाने नवाच रोग नोंदलेला दिसतो, सोबत चोपचिनीचा उपचार. फिरंग्यांबरोबर आला म्हणून फिरंग. आपल्या वैद्यांनी त्याचा माग रोगाच्या नावातच लिहून ठेवला.

पीतज्वराने मात्र निराळीच युक्ती केली. तो डासावाचून पसरत नाही, आणि तो डास पडला घरगुती: पिण्याच्या पाण्याच्या पिंपात अंडी घालणारा. गुलामांच्या जहाजांवर अशी पिंपं रांगेने असायची. त्यामुळे रोगी, डास आणि डासाची पिलावळ तिघंही एकाच जहाजात, आणि साखळी समुद्रावरही चालू. १६४७ मध्ये बार्बाडोसला साथ आली. आपल्याकडे हा डास भरपूर आहे, डेंगी त्याच्यामुळेच होतो, पण पीतज्वर अजून आलेला नाही. विमानतळावर आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांतून येणाऱ्यांकडे पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लोक तिथल्या कर्मचाऱ्यांशी भांडतात. मला ते सहा दिवस फार मोलाचे वाटतात. १३७७ साली एड्रिॲटिक किनाऱ्यावरच्या रागूझा शहराने साथीच्या ठिकाणाहून आलेल्यांना तीस दिवस बाहेर ठेवण्याचा नियम केला, तेव्हापासून आमचं काम हेच: समुद्र जे दिवस आपोआप लावायचा ते आपण मुद्दाम लावायचे.

हीच साखळी माणसाने एकदा चांगल्या कामासाठी बांधली. देवीची लस, म्हणजे गोस्तन देवीचा द्रव, काचेत भरून पाठवला की वाटेत सुकून निकामी व्हायचा. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी स्पेनच्या ला कोरुन्या बंदरातून डॉक्टर बाल्मिस यांचं जहाज निघालं ते २२ अनाथ मुलगे घेऊन. दोघांना टोचायचं, त्यांच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव पुढच्या दोघांना, असं करत अटलांटिक ओलांडला. १५१८ मध्ये जशी जिवंत साखळी लागली होती तशीच, पण हेतू उलटा. त्या मुलांना कोणी विचारलं नव्हतं, हे विसरून चालणार नाही. त्याच्या सुमारे दीड वर्ष आधी हाच प्रकार आपल्याकडे झाला होता. इंग्लंडहून थेट पाठवलेली लस वारंवार वाया गेल्यावर ती व्हिएन्ना, बगदाद, बसरा या वाटेने टप्प्याटप्प्याने, काही टप्पे दंडावरून दंडावर, सरकत मुंबईला आली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती धरली. त्या एका दंडावरून ती हिंदुस्थानभर गेली. माझ्या वयाच्या माणसांच्या दंडावर देवी काढल्याचा गोल व्रण असतो. कधी बाही वर केली की मला ती मुलगी आठवते.

जनावरांचं थोडक्यात सांगतो. त्यांना रोज पाणी आणि चारा लागतो, म्हणून लांबच्या प्रवासात तीच आधी मरत. टिकलं ते डुक्कर. कॅनरी बेटांवरून कोलंबसाने आठ डुकरं घेतली. ११४ दिवसांची गाभणवेळ, एका वेताला आठ-दहा पिल्लं, काहीही खातं, आणि बेटावर त्याला खाणारं कोणी नाही. १५३९ मध्ये दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात १३ डुकरिणी घेऊन उतरला. तीन वर्षांत त्यांची सुमारे ७०० डुकरं झाली. घोडा तर उत्तर अमेरिकेतच उत्क्रांत झालेला, दहा हजार वर्षांपूर्वी तिथून नामशेष झालेला; १५१९ मध्ये मेक्सिको जिंकायला निघालेल्या स्पॅनिश कोर्तेसच्या १६ घोड्यांबरोबर तो मेक्सिकोत पुन्हा माहेरी आला. उलट दिशेने आलेली टर्की गोव्याहून जहांगीरपर्यंत पोचली आणि १६१२ च्या सुमारास उस्ताद मन्सूरने तिचं चित्र काढलं; लोंबत्या लाल कातडीची एकेक सुरकुती त्यात दिसते. जनावरांच्या चाऱ्यातून तणांचं बी गेलं, जहाज डोलू नये म्हणून तळाशी भरलेल्या मातीतून गांडुळं गेली. तळाच्या ताटातला हा माल कोणी मुद्दाम नेत नाही, आणि आमचं सगळं लक्ष त्याच्यावरच. पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम लोकांच्या नजरेत भरलेलं गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, तेही अमेरिकेचंच. आयात गव्हातून आलं असं मानतात.

आता मागे काय राहिलं ते. मला यातच सगळ्यात जास्त रस आहे. मक्याचं बी सहज प्रवास करतं, युरोपात ते लगेच गेलं. पण मेक्सिकोतल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, साल काढून, मग वाटतात. चुन्याने मक्यातलं नियासिन नावाचं जीवनसत्त्व मोकळं होतं आणि अंगी लागतं. मका नेणाऱ्यांनी त्या बायकांना हे विचारलंच नाही. स्पेनच्या उत्तरेत आणि पुढे इटलीत गरीब माणसं नुसत्या मक्यावर राहू लागली आणि त्यांना पेलाग्रा झाला: कातडी भाजल्यासारखी, जुलाब, शेवटी वेड. १७३५ मध्ये स्पेनमध्ये कासाल या वैद्याने त्याचं वर्णन केलं. कारण कळायला आणखी जवळजवळ दोनशे वर्षं गेली. कोहळ्याचा पेठा करताना आपण चुन्याची निवळी वापरतो. तेवढीच निवळी त्या घरांत असती तर?

दुसरी मागे राहिली ती कीड. वाळक्या, निवडलेल्या बियाण्याबरोबर झाडाचे शत्रू सहसा येत नाहीत, कारण त्यांना ओला पाला लागतो. म्हणून मका, पपई, टोमॅटो इथे आले ते शत्रूंना तिकडेच ठेवून, आणि शेकडो वर्षं सुखात वाढले. आपल्याला वाटतं ही पिकं इथे छान रुजली. रुजली, पण निम्मं श्रेय त्या पाच-सहा महिन्यांच्या समुद्राचं. आता विमान एका दिवसात येतं. पपईवरचा मेक्सिकोचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला दिसला. दक्षिण अमेरिकेतली टोमॅटोची नागअळी २०१४ मध्ये पुण्याजवळ सापडली. पिठ्या ढेकणासाठी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याचा शत्रू असलेली बारीकशी गांधीलमाशी आणावी लागली, बंगळूरला बंद खोलीत तपासून मग सोडली, आणि तिने काम चोख केलं.

२०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी दिसली आणि त्याच वर्षी ती सोलापूर भागात आली. पुतण्याचा फोन आला म्हणून मी गेलो. मका गुडघ्याएवढा. पानांवर एका ओळीत भोकं, पोंग्यात लाकडाच्या भुश्यासारखी ओली विष्ठा. पोंगा उलगडला, अळी तळहातावर घेतली, भिंग लावलं. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षराची पांढरी रेघ, शेपटीकडे चौकोनात बसवलेले चार काळे ठिपके. शेजारचे चार-पाच शेतकरी जमले होते. एकाने विचारलं, "ही आता कुठून आली, साहेब?" मी म्हणालो, मक्याच्याच गावची आहे, मागे राहिली होती.

कृषी खात्याचा सल्ला होता: मका लहान असेल तर नऊ भाग वाळू आणि एक भाग चुना मिसळून पोंग्यात टाका. मध्य अमेरिकेतले शेतकरीही पोंग्यात माती-वाळू टाकत आले आहेत, हे मी त्यांना सांगितलं. पुतण्याने घमेल्यात वाळू घेतली, पान खायच्या डबीतला चुना पुरेना म्हणून घरातून पुडा आणला, आणि आम्ही ओळीने चिमूट चिमूट टाकत निघालो.